जुन्या बल्बांची घरसजावट: कुठला उघडायचा, कुठला तसाच रंगवायचा, कुठल्याला हात लावायचा नाही

शाहूपुरीकर (धागाकर्ती, सातारा)

साठ नि शंभर वॅटच्या काचेच्या बल्बांचं करायचं काय, हा प्रश्न साताऱ्यातल्या बहुतेक जुन्या घरांत आहे. २०१५ च्या जानेवारीत उजाला योजना सुरू झाली, स्वस्तातले एलईडी घरोघरी पोचले आणि होल्डरमधले पिवळे बल्ब निघाले. पण ते चालू होते, म्हणून कोणी टाकले नाहीत. "असू देत, लागतील," म्हणत पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून माळ्यावर ठेवले. आता त्यांची वेळ आली आहे, आणि ते भंगारातही कोणी घेत नाही, कारण टोपीचा पत्रा सोडला तर त्यात विकण्यासारखं काही नाही.

आमच्या आळीतल्या आम्ही काही जणी गेली काही वर्षं गौरी-गणपतीची आरास आणि दिवाळीची तोरणं ह्याच बल्बांपासून करतो. नेटवर ह्या विषयावर व्हिडिओ पुष्कळ आहेत, पण त्यातले निम्मे बघताना माझ्या जिवाचा थरकाप होतो. उघड्या हातांनी काच फोडतात, सीएफएल कापतात, मुलांसमोर बल्बात तेल ओतून पेटवतात. म्हणून हा धागा. माझं म्हणणं एवढंच आहे की आधी हातातला बल्ब ओळखा, मग काय करायचं ते ठरवा. आणि दुसरं, दहातल्या आठ वस्तूंसाठी बल्ब उघडावाच लागत नाही.

न उघडता करायच्या वस्तूंपासून सुरू करते.

आमची सगळ्यात लाडकी वस्तू म्हणजे वांगं. कृष्णाकाठचं वांगं! बल्बाचा आकारच तो आहे: देठाकडे निमुळता, खाली गोलगरगरीत. लोक स्ट्रॉबेरी करायला जातात, कारण महाबळेश्वर जवळ. पण स्ट्रॉबेरी देठाकडे रुंद आणि टोकाला निमुळती असते, साध्या बल्बाचं उलट. त्यामुळे ती कायम पेरू दिसते. वांगं मात्र पहिल्या झटक्यात जमतं.

कृती अशी. बल्ब आधी साबणाच्या पाण्याने, मग स्पिरिटने पुसून घ्यायचा. हाताचं तेल काचेवर राहिलं तर रंग पुढे पापुद्र्याने निघतो. त्यावर टिश्यू पेपरचे लहान लहान तुकडे पातळ केलेल्या फेविकॉलने चिकटवायचे. ही पायरी गाळू नका. गुळगुळीत काचेवर ॲक्रिलिक रंग धरत नाही, कागदावर धरतो. शिवाय कधी हातातून पडलं तर काच कागदाला बरीचशी चिकटून राहते, घरभर उडत नाही. पूर्ण वाळल्यावर पांढऱ्याचा एक हात, मग जांभळा. जांभळा एकसारखा फासू नका. आपल्याकडच्या वांग्याला जांभळ्यावर पांढरट रेघा असतात, त्या कोरड्या ब्रशने देठाकडून खाली ओढायच्या. टोपीवर हिरव्या फेल्टचं पाच पाकळ्यांचं झाकण आणि देठाला सुतळीचा गाठ मारलेला तुकडा. शेवटी वॉर्निशचा हात. गौरीपुढे टोपलीत खऱ्या भाज्यांच्या शेजारी ठेवलं की बायका हात लावून बघतात.

रंगवताना बल्ब धरायचा कुठे, ही खरी अडचण. त्यावर आमचा उपाय: जुने पिन होल्डर (वायर न जोडलेले, हे लिहायलाच हवं) एका फळीवर स्क्रूने ओळीने बसवले आहेत. बल्ब त्यात उलटा अडकवायचा, रंगवायचा, तिथेच वाळू द्यायचा. आपल्याकडचे जुने बल्ब बाजूला दोन पिना असलेले, २२ मिलिमीटर टोपीचे, म्हणून सगळे ह्या फळीत बसतात. फळी एकदा करून ठेवली की काम निम्मं होतं.

उभं ठेवायच्या वस्तूंना खाली बूड लागतं. त्याला बांगडी वापरते. जुनी प्लास्टिकची किंवा लाखेची, लहान मापाची. ग्लू गनचा गोंद उन्हाळ्यात काचेवरून सुटतो, त्यामुळे कायमचं चिकटवायचं तर एम-सील.

बल्बाचे आकाशातले फुगेही छान होतात: रंगीत पट्टे, खाली तांब्याच्या बारीक तारेने टांगलेली वेताची इवलीशी टोपली. दिवाळीच्या किल्ल्यावर टांगायला मुलांना आवडतात. खण आळीत शिंप्यांकडे खणाची चिंधी मिळते. तिचा पट्टा बल्बाच्या पोटाभोवती चिकटवून वर मोत्याची माळ गुंडाळली की दारावरच्या तोरणाला शोभून दिसतो.

उघडलेल्या बल्बात मी फक्त दोनच गोष्टी करते: रांगोळीचे थर आणि फुलदाणी. त्याबद्दल खाली सविस्तर लिहीन. आधी जाणकारांनी बल्ब ओळखण्याबद्दल लिहावं अशी विनंती. आपल्या इथे एक जुने वायरमन काका आहेत हे मला माहीत आहे!

---

पाटणचा_वायरमन

ताई, आठवण काढलीत, लिहितो. मला टायपिंग जमत न्हाई फार, नातू लिहून देतोय.

घरात चार जातीचे दिवे सापडतील.

पहिला, तारेचा बल्ब. आत बारीक गुंडाळलेली टंगस्टनची तार दिसते, काच स्वच्छ नाहीतर दुधी. ह्यात पारा नसतो. मोठ्या वॅटच्या बल्बात आर्गॉन आणि थोडा नायट्रोजन भरलेला असतो, आणि थंड बल्बात त्याचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. कमी वॅटच्या काही बल्बांत तर पोकळीच असते. म्हणून बल्ब फुटला की 'फट' आवाज होतो, बाहेरची हवा आत घुसते. वायू विषारी न्हाई. पण काच उडते. सजावटीला हा बल्ब चालतो.

दुसरा, सीएफएल. वाकडी नळी. त्यात पारा असतो, काही मिलिग्रॅमच, पण वाफ होऊन नाकात जातो. आतली पांढरी पूडसुद्धा नको. उघडायचा न्हाई, कापायचा न्हाई, पोरांच्या हातात द्यायचा न्हाई.

तिसरी, ट्यूबलाइट. तेच. पारा आणि पूड. जुन्या पट्टीतला चोक तेवढा तांब्यासाठी भंगारवाला घेतो, तो द्या. ट्यूब द्यायची न्हाई त्याला, तो फोडणार.

चौथा, एलईडी. ह्यात पारा न्हाई, पण टोपीच्या आत सर्किट असतं. होल्डरमधून काढल्यावरही कपॅसिटर चार्ज धरून बसतो, म्हणून काढल्या काढल्या उघडू नका. आणि घुमट काढून आतल्या पट्टीसकट परत होल्डरला लावून बघणारे लोक आहेत. तसं अजिबात करू नका. बहुतेक स्वस्त बल्बांत आतल्या पट्टीला मेनचा करंट असतो.

जुना बल्ब आतून काळा दिसतो ना, ते टंगस्टन आहे. तार तापून तापून तिची वाफ होते आणि काचेला जाऊन बसते. कितीबी धुवा, निघत न्हाई. असा बल्ब रंगवायला घ्या, उघडायला घेऊ नका.

---

चिमणगावकर

काका, मस्त माहिती. नातवालाही धन्यवाद. वाचनखूण साठवली.

---

वाईचा_घाट

छान धागा. माझ्या मनात बरेच दिवस एक कल्पना आहे. त्रिपुरी पौर्णिमेला वाईला घाटावर दिवे लावतात. त्या वेळी बल्बांच्या तेलाच्या पणत्या करून लावल्या तर? बल्ब उघडायचा, अर्धा तेलाने भरायचा, टोपीच्या भोकातून वात. आतून तेल सोन्यासारखं चमकताना फार सुंदर दिसेल. नदीच्या पात्रात तरंगतेही सोडता येतील. कोणी केलंय का?

---

ओगलेवाडीकर

वाईकर, कल्पना सुंदर आहे, तरी कृपा करून करू नका. सविस्तर लिहितो, कारण आमच्या गावाचं नावच काचेवरून आणि कंदिलावरून ओळखलं जातं. कराड रेल्वे स्टेशनला उतरलं की जे गाव लागतं ते ओगलेवाडी. १९१६ साली सुरू झालेल्या ओगले काच कारखान्याचं. प्रभाकर कंदील इथला. घरातल्या थोरल्यांकडून काच आणि आग ह्यांच्याबद्दल जे ऐकत आलो ते इथे उपयोगी पडेल.

कंदील नीट बघा. तेल कशात असतं? पत्र्याच्या टाकीत. ज्योत कुठे असते? टाकीच्या वर, बर्नरवर. काचेच्या चिमणीला तेल शिवतसुद्धा नाही. खालून हवा आत येते, वरून धूर आणि उष्णता बाहेर जाते, त्यामुळे चिमणी सगळीकडून सारखी तापते. टाकी खाली जड, म्हणून कंदील कलंडत नाही. ह्यातली प्रत्येक गोष्ट विचार करून केलेली आहे.

आता बल्बाची पणती बघा. तेल काचेत, आणि काचही बांगडीपेक्षा पातळ. ज्योत अगदी तोंडाशी, म्हणजे मान तापणार आणि तेलाने भरलेलं पोट थंड राहणार. साध्या काचेला असा तापमानाचा फरक सोसत नाही, ती तडकते. तडकली की सगळं तेल एकदम बाहेर, आणि वात पेटलेली. बूड गोल, तेव्हा धक्का लागला की कलंडणार. गर्दीच्या घाटावर, पोलक्या-परकरातल्या लहान मुली आजूबाजूला. नको.

पात्रात सोडण्याबद्दल तर बोलूच नये. त्या घाटावर लोक अनवाणी उतरतात, अंघोळ करतात, जनावरं पाण्यावर येतात. फुटलेली काच गाळात वर्षानुवर्षं राहते.

---

पाटणचा_वायरमन

ओगलेवाडीकरांना अनुमोदन. शब्द न् शब्द.

---

वाईचा_घाट

पटलं. चिमणी आणि टाकी वेगळी असण्याचा मुद्दा मी कधी असा विचारात घेतला नव्हता. मग तेलाऐवजी त्या तांब्याच्या तारेवरच्या बारीक एलईडी माळा आत सोडल्या तर? घाटावर नाही, घरी, तुळशीवृंदावनाजवळ.

---

शाहूपुरीकर

वाईकर, ते अगदी करा! तीन व्होल्टच्या माळा गरम होत नाहीत, बल्बाच्या आत गोळा होऊन बसल्या की काजवे भरल्यासारखं दिसतं. फक्त बॅटरीचा डबा बाहेर ठेवा आणि बटण सेल असलेली माळ असेल तर डब्याचं झाकण स्क्रूने बंद होणारं घ्या. बटण सेल लहान मुलाने गिळला तर काही तासांत अन्ननलिका भाजून निघते. घरात रांगतं मूल असेल तर पेन्सिल सेलचीच माळ घ्या.

आता उघडण्याबद्दल, कारण माळ आत घालायची तर उघडणं आलं.

डोळ्यांवर गॉगल, म्हणजे वेल्डिंगवाले किंवा लॅबमधले वापरतात तो बाजूने झाकलेला. हातात जाड कातडी हातमोजे. बल्ब जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून फक्त टोपी बाहेर. हे सगळं अंगणात, पसरलेल्या वर्तमानपत्रावर. चटईवर किंवा गालिच्यावर कधीच नाही.

टोपीच्या तळाला शिशाचे दोन ठिपके असतात, त्यांच्या भोवती काळी काच. लांब नाकाच्या पकडीने ठिपके पकडून पिरगाळले की त्याला जोडलेल्या तारा सुटतात. मग काळी काच बारीक स्क्रूड्रायव्हरने कडेने थोडी थोडी टिचवायची. जोर लावायचा नाही, हलके ठोके. ती निघाली की आत काचेची दांडी दिसते, तारेचा सांगाडा तिच्यावरच उभा असतो. दांडीच्या मुळाशी स्क्रूड्रायव्हर ठेवून एक हलका ठोका, दांडी तुटते. ह्याच क्षणी कधीकधी अख्खा बल्ब फुटतो, टॉवेल त्याच्यासाठीच. मग उलटा करून सगळं वर्तमानपत्रावर. तोंडाच्या कडा पॉलिश पेपरने घासायच्या, कोरड्या नाही, ओल्या, म्हणजे काचेची धूळ उडत नाही. शेवटी हात साबणाने धुवायचे, कारण त्या ठिपक्यांत शिसं असतं. स्वयंपाकघरातला टॉवेल ह्या कामाला वापरू नका.

दुधी बल्ब असेल तर आतली पांढरी पूड जाड मीठ आणि थोडं पाणी घालून हलवलं की धुऊन निघते. काही दुधी बल्बांची काच मुळातच ॲसिडने खरवडलेली असते, ती तशीच राहते. तीही सुंदर दिसते, तिला धुवत बसू नका.

रांगोळीचे थर: रांगोळी आधी उन्हात खडखडीत वाळवा, नाहीतर आत ओल धरून डाग पडतात. कागदाचं नरसाळं करून, त्याची नळी तळापर्यंत पोचेल अशी, एकेक रंग हळूहळू सोडायचा. बल्ब हलवायचा नाही, फक्त बोटाने टिचक्या. थर तिरपे हवे असतील तर बल्ब तिरपा धरून सोडा. पूर्ण गळ्यापर्यंत भरा. रिकामी जागा राहिली की पुढे हलवाहलवीत रंग मिसळतात. पीठ, हळद, कुंकू आत भरू नका, किडे होतात. आणि भरलेला बल्ब टांगू नका. रांगोळी म्हणजे दगडाचीच पूड, फार जड होते. बांगडीच्या बुडावर शेल्फावर ठेवा.

---

कोरेगावची_रोपवाटिका

शाहूपुरीकर ताई, फुलदाणीबद्दल तुम्ही लिहाल म्हणालात, पण मला राहवत नाही, थोडं मी लिहिते.

बल्बात पाण्यावर जगणारं सगळ्यात सोपं झाड म्हणजे मनी प्लांट. पेर असलेला बोटभर तुकडा घ्या, पेर पाण्यात बुडलं पाहिजे, पान पाण्याबाहेर. बल्ब अर्धाच भरा. वर हवा हवी, शिवाय ॲल्युमिनियमच्या टोपीला पाणी लागत राहिलं की ती पांढरी पडून कुजते. जुन्या बल्बांना पितळी टोपी असते, ती जास्त टिकते.

आठवड्यातून एकदा पाणी बदलायचंच. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. दर आठवड्याला पाणी ओतून, काच आतून खळखळून धुतली तर ते चक्र पुरं होत नाही. वार ठरवून टाका. आमच्याकडे रविवार आहे.

दुसरी गोष्ट, बल्बातली शेवाळाची बाग. तळाला बारीक खडी, त्यावर चिमूटभर लोणारी कोळशाचा चुरा, त्यावर ओलसर माती, आणि लांब चिमट्याने शेवाळाचे तुकडे. ड्रॉपरने थोडं पाणी. तोंडाला बुच. काचेवर आतून सकाळी दव दिसलं म्हणजे पाणी पुरेसं आहे. ऊन थेट लागू देऊ नका, बंद काचेत शेवाळ शिजून जातं.

आणि एक विनंती. शेवाळ आणायला कासला जाऊ नका. कास पश्चिम घाटाबरोबर २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं आहे. तिथलं फूल, शेवाळ, माती काहीच उचलायचं नाही. सातारा-जावळीच्या पावसात शेवाळाला काय तोटा! श्रावणात स्वतःच्या कंपाउंडच्या भिंतीवरून खरवडून घ्या, हवं तेवढं मिळतं.

---

शाळेतल्या_बाई (रहिमतपूर)

प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे मुलांच्या बाजूने लिहिते.

मुलांनी बल्ब उघडायचा नाही, ह्यात कुठलीही सवलत नको. पाचवी-सहावीची मुलं हट्ट करतात, "बाई, आम्ही गॉगल घालू." तरी नाही. टिश्यू पेपर चिकटवलेला बंद बल्ब त्यांना द्या, त्यात ती रमतात. आमच्या वर्गाने वांगी केली नाहीत, पण पेंग्विन, विठोबा, वासुदेव केले. वासुदेव फार गोड होतो! बल्ब टोपी वर ठेवून धरायचा, टोपीवर मोरपिसाच्या रंगाच्या कागदाचा उभा शंकू, पोटावर अंगरखा रंगवायचा, हातात टाळ म्हणून दोन टिकल्या. विठोबाला टोपीच मुकुट होते, आणि पोटाशी दोन्ही हात कमरेवर रंगवले की बल्बाचा गोलवा एकदम जिवंत होतो. आषाढीला पालखी जिल्ह्यातून जाते, लोणंद-फलटणच्या मुक्कामाच्या गप्पा मुलांच्या घरी चालू असतात, तेव्हा हे काम घेतलं तर मुलं आपापल्या घरच्या वारकऱ्यांचे तपशील रंगवतात. एकाने बुक्क्याचा टिळा आणि गळ्यातली तुळशीची माळ मण्यांसकट काढली होती.

उघडलेला बल्ब मी स्वतः एका कामाला वापरते. स्वच्छ काचेच्या बल्बात काठोकाठ पाणी भरून बुच लावलं की त्याचं भिंग होतं. जवळची अक्षरं मोठी दिसतात, लांबचं झाड उलटं दिसतं. पूर्वी युरोपात लेस विणणाऱ्या बायका मेणबत्तीसमोर पाण्याने भरलेला काचेचा गोळा ठेवून उजेड सुईवर एकवटायच्या, तोच हा गुण. मुलांना भिंगाचा धडा ह्याने चटकन समजतो.

पण ह्याच गुणामुळे सावध राहा: पाण्याने भरलेला बल्ब उन्हात, खिडकीत ठेवू नका. सूर्याचा किरण एका ठिपक्यावर गोळा होतो आणि पडदा, कागद पेटू शकतो. मनी प्लांटच्या बल्बालाही हे लागू आहे. रोपवाटिका ताईंनी ऊन नको म्हटलं ते झाडासाठी, मी घरासाठी म्हणते.

---

कोरेगावची_रोपवाटिका

बाई, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. माझ्या गिऱ्हाइकांना आता हेही सांगेन.

---

फलटणचा_मंडपवाला

आमच्या गोडाऊनला लाल, हिरवे, निळे झिरोचे बल्ब पोत्याने पडून आहेत. पूर्वी लग्नाच्या मांडवाला त्यांच्या माळा असायच्या. आता सगळं एलईडीच्या पट्ट्यांवर गेलं. (नाव झिरो, पण बहुतेक बल्ब पंधरा वॅट खातात, म्हणून रात्रभर लावणाऱ्यांनी तेही बदला.) ह्यांचं काही होईल का? रंगवायची गरजच नाही, काच मुळात रंगीत आहे. आणि रंगवलेला बल्ब पेटवला तर चालतं का, हा प्रश्न आम्हाला गिऱ्हाईक नेहमी विचारतं.

---

पाटणचा_वायरमन

रंगवलेला बल्ब पेटवायचा न्हाई. तारेच्या बल्बात वीजेचा वीस भागांतला एखादाच भाग उजेड होतो, बाकी सगळी उष्णता. साठच्या बल्बाची काच शंभर अंशांच्या वर जाते. रंग, कागद, फेविकॉल, खणाची चिंधी सगळं जळणार. कारखान्यात रंगवलेला बल्ब वेगळा, त्याचा रंग उष्णता सोसायला केलेला असतो. आपण केलेली वस्तू होल्डरला कधीच न्हाई. घरात दुसरं कोणी चुकून लावू नये म्हणून दोन्ही पिना पकडीने कापून टाका.

---

शाहूपुरीकर

काका, पिना कापायची सूचना आजपासून अमलात. माझ्या फळीवर बल्ब पिनांवरच अडकतो, म्हणून रंगवून, वाळवून झाल्यावर शेवटची पायरी पिना कापणं.

मंडपवाले दादा, झिरोचे बल्ब टाकू नका! तांब्याच्या तारेने टोपीला फास घालून, मधे पितळी घुंगरू आणि मणी ओवून दाराचं तोरण फार सुरेख होतं. दारात मागून सकाळचं ऊन येतं तेव्हा उंबऱ्यावर लाल-हिरवे डाग पडतात, वीज न लावता. तार कच्ची असेल तर काही दिवसांत तुटते, त्यामुळे जाड तार घ्या आणि फास दुहेरी. तोरण डोक्यावर येतं, म्हणून काचेची वस्तू टांगताना बांधणीत कंजुषी नको. दार आपटणाऱ्या घरात तर तोरण दाराला नाही, खिडकीच्या गजांना बांधा. आमच्या आळीतल्या बायकांना थोडे हवे आहेत, निरोप पाठवते.

---

कराडची_लेक (सध्या पुणे)

माझ्याकडे तारेचे बल्ब नाहीत, बंद पडलेले एलईडी मात्र ढीगभर. त्यांचं काय?

---

पाटणचा_वायरमन

आधी खोक्यावर वॉरंटी बघा, बिल असेल तर बदलून मिळतो. लोक विसरतात. मुदत संपली असेल तर दोन दिवस ठेवून मग घुमट पिरगाळून काढा, बहुतेकांचा निघतो. घुमट प्लास्टिकचा असतो, काचेचा न्हाई, त्यामुळे पोरांनाबी द्यायला हरकत न्हाई. आतली पट्टी आणि सर्किट वेगळं काढून ई-कचऱ्यात.

---

शाळेतल्या_बाई (रहिमतपूर)

त्या दुधी घुमटांचे दिवाळीच्या किल्ल्यावर तंबू होतात! उलटे ठेवून रंगवले की मावळ्यांचा तळ. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी सैन्य बसवायला मुलं अशा अर्धगोलांच्या शोधातच असतात. सरळ ठेवले तर रंग कालवायच्या वाट्या.

---

पोवईनाका

सगळ्यांचं वाचलं, फार आनंद झाला. एक गोष्ट राहिली असं वाटतं म्हणून लिहितो. उरलेल्या काचेचं काय करायचं?

माझा भाऊ घंटागाडीवर काम करतो. पिशवीतून हात घालून कचरा वेगळा करावा लागतो, आणि फुटक्या काचेने हात कापला की टाके, इंजेक्शन, खाडा. बल्ब उघडताना निघालेली काच साध्या पिशवीत टाकू नका. रिकाम्या पत्र्याच्या डब्यात किंवा प्लास्टिकच्या बरणीत भरा, झाकण चिकटपट्टीने बंद करा, वर मोठ्या अक्षरांत 'काच' लिहा आणि हातात द्या, बादलीत लपवू नका. एवढं केलं तरी त्याचा दिवस सुखाचा जातो.

सीएफएल आणि ट्यूब तर ओल्या-सुक्या कुठल्याच डब्यात नकोत. २०१६ च्या घनकचरा नियमांत त्या घरगुती घातक कचऱ्यात मोडायच्या; त्या वेगळ्याच द्यायच्या असतात. अख्ख्या ठेवा, ज्या खोक्यातून आल्या त्यात असतील तर उत्तम.

---

शाहूपुरीकर

पोवईनाका दादा, तुमचा प्रतिसाद मी धाग्याच्या वरच्या भागात जोडते आहे. तुमच्या भावाला आमच्या आळीतर्फे नमस्कार सांगा. आम्ही काच आजवर वर्तमानपत्रात बांधून देत होतो, आता बरणीत देऊ.

आणि सीएफएल चुकून फुटलाच तर काय करायचं, तेही कोणी लिहाल का? वायरमन काका?

---

पाटणचा_वायरमन

पंखा बंद करा, खिडक्या उघडा, पोरं आणि कुत्री-मांजरी खोलीबाहेर काढा, पंधरा मिनिटं आत जाऊ नका. केरसुणी लावायची न्हाई, पूड उडते आणि केरसुणीत बसते. व्हॅक्यूमबी न्हाई. दोन जाड पुठ्ठ्यांनी तुकडे गोळा करा, बारीक पूड चिकटपट्टीने उचला, मग ओल्या कागदाने पुसा. ते सगळं, कागदासकट, झाकणाच्या बरणीत. बरणी घराबाहेर ठेवा आणि घातक कचऱ्यात द्या. अंथरुणावर फुटला असेल तर ती चादर झटकू नका.

---

वाईचा_घाट

एक शंका. आज तीन बल्ब उघडायला घेतले आहेत, सगळी तयारी वर लिहिल्याप्रमाणे. बांगडी एम-सीलने चिकटवल्यावर किती वेळाने बल्ब उभा करायचा?

---

शाहूपुरीकर

तासाभरात हाताला घट्ट लागतं, पण रात्रभर उलटाच राहू द्या. वाटीत तांदूळ घेऊन त्यात टोपी खोचून ठेवली की हलत नाही. (ते तांदूळ परत डब्यात घालू नका.) आणि बांगडी लावायच्या आधी बल्बाचा तळ पॉलिश पेपरने थोडा खरवडा, म्हणजे सील धरतं. फोटो टाका!